खांद्यावरचा लाल

गॅलाशील्स, स्कॉटलंड
६ नोव्हेंबर २०२२

मोठेबाबा,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्ही नुसतं "हाव, हाव" म्हणता आणि मागून मोठीआई ओरडते की त्यायले काईच ऐकू नाई जाऊन राह्यलं. खाणीतल्या सुरुंगांनी तुमचे कान नेले, पण डोळे अजून पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवतात, म्हणून हे पत्र. मोहटोल्याला पोचायला महिना लागला तरी चालेल.

तुम्ही विचारलं होतं, तिथं नेमकं करते काय? तर ऐका. आजोबा कापड विणायचे, म्हणून बाबांनी मला माग सोडून शिकायला लावलं. मी शिकले, शिकले आणि समुद्र ओलांडून परत मागावरच येऊन बसले. इथल्या एका गिरणीत चौकड्यांच्या लोकरी कापडाचे नमुने काढते. त्याला हे लोक टार्टन म्हणतात.

सोबत एक मफलर पाठवते, मळकट समजून पोतेऱ्यात टाकू नका. त्याची चौकट नीट बघा. ताण्यात धाग्यांचा जो हिशेब, तोच बाण्यात. एका टोकापासून मधल्या पट्टीपर्यंत मोजत जायचं आणि तिथून तेच उलटं मोजत परत यायचं. दोन रंग एकमेकांवरून गेले की तिसरा आपोआप दिसतो. आपल्या लुगड्याच्या चौकडीसारखंच, फक्त यांना त्याचा भारी गर्व.

आणि गर्व का असू नये? इथल्या डोंगरात जुन्या काळी घराण्यांच्या टोळ्या होत्या. मॅकलाउड घराण्याचा पिवळा-काळा, स्टुअर्टांचा लालभडक, सरकारच्या पलटणीचा गडद हिरवा-निळा. दहा-बारा हात कापड दिवसा कमरेला गुंडाळायचं, झोपताना तेच पांघरायचं. दुकानात प्रत्येक कापडाला चिठ्ठी असते, त्यावर लिहिलेलं असतं की लढाईत लांबूनच कापड पाहून कळायचं, समोरचा आपला की शत्रू. मला तर अंगावर काटा आला. आपण पण एक चौकट काढू या का मोठेबाबा, आपल्या गावाची?

मैनाला सांगा, तिची वर्गमैत्रीण तिला विसरली नाही. तिच्या नवऱ्याचा, अमरचा, लग्नातला डोंगी नाच, होडी वल्हवल्यासारखा, अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे.

तुमची हर्षा


मोहटोला
१८ जानेवारी २०२३

आयु. हर्षा,
जयभीम अन् लय आशीर्वाद.

तुह्यं पत्र अन् मफलर भेटला. पत्रू डाकवाल्यानं पाकीट दाबून दाबून पायलं अन् मले इशाऱ्यानं इचारलं का याच्यात कोंबडी आहे का काय. मी त्याची एक बाजू उसवली. तुही मोठीआई बोंबलली असन, मले तिचं तोंडच दिसलं. पन उसवल्याबिगर समजन कसं? धागा धागा मोजला. मंग मागावर बसणाऱ्या कोंबड्या हाकलल्या अन् ताणा लावला. दहा वर्षांनं बसलो पोरी. पाय आपोआपच खाली-वर व्हाले लागले.

आता मजा आयक. वरच्या टोलीचा धनराज जाळ्याले सूत मांगाले आला होता. मैनाचा भाऊ, तुले ठाऊक आहे, छाती पुढं काढून चालते तो. मागावर लाल-काळी चौकट पाहून त्यानं इचारलं हे काय. मी त्याले तुह्यं पत्र वाचून दाखवलं, टोळ्यायची गोठ सांगतली. गडी खूश. म्हने (मोठीआई मले इशाऱ्यानं सांगत जाते) वरच्या टोलीच्या साऱ्या मानसायले असाच दुपट्टा पायजे. चार दिवसायनं खालच्या टोलीचा डोमा आला. त्याले हिरवा पायजे, अन् धनराजच्या पट्टीपेक्षा रुंद पायजे. मी दोघायचे बी विनले. मले काय, माह्या घरात धोटा फिरून राह्यला.

दोघंही ढिवर, मासोळी मारनारे, दोघायचा तलाव एकच. आतापावतर सारे एकाच दिवशी जाळं टाकत, तलावाच्या एकाच पाळीवर, बांधावर बसून, मासोळी वाटून घेत. या साली मासेमारीची सोसायटी फुटली. वरची टोली म्हनते खोल पानी आमचं, खालची म्हनते बाप-आजापासून आमचं. पानी बी कमी आहे यंदा.

मधात सापडला अमर. डोमाचा लहाना भाऊ अन् धनराजच्या घरचा जवाई. संक्रांतीले सासुरवाडीले गेला त धनराजनं त्याच्या खांद्यावर लाल दुपट्टा टाकला. जवायाले दुपट्टा त द्याच लागते. अन् आपल्या इथचा नेम तुले ठाऊक आहे, ज्याच्या खांद्यावर आपल्या घरचा दुपट्टा पडला त्याच्यावर आपल्या घरचा हात उठत नाई. अमर तो घालून खालच्या टोलीत आला त डोमा म्हने काढ. अमर हासला. म्हने सासऱ्याच्या घरचा आहे, काढला त मैना जेवाले नाई देनार. डोमा काई हासला नाई.

अमर एका टोलीत जेवते, एका टोलीत निजते. मले त्या पोराचीच काळजी वाटते थोडी. बाकी मजेत आहो.

तुहा मोठेबाबा सोमाजी


गॅलाशील्स
२० फेब्रुवारी २०२३

मोठेबाबा,
जयभीम.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेले लाल आणि हिरवा दोन्ही तुकडे मी गिरणीत टेबलावर ठेवले आणि सगळे बघायला जमले. आमचे साहेब भिंग लावून बघत होते. विचारत होते, हे कोणत्या घराण्याचं? मी सांगितलं, आमच्या तलावाचं.

इथं टार्टनची सरकारी नोंद होते. कोणीही नवी चौकट काढून नोंदवू शकतं. फुटबॉलच्या संघाची आहे, पोलिसांची आहे, इथल्या शीख लोकांची पण आहे. साहेब म्हणाले, तुमच्या काकांची लाल-काळी आपण नोंदवू. नाव काय द्यायचं ते तुम्ही सांगा. मला तर आताच नाचावंसं वाटतंय.

अजून एक गंमत. १७४५ साली इथल्या डोंगरी टोळ्यांनी राजाविरुद्ध बंड केलं आणि पुढच्या वर्षी हरले, तेव्हा सरकारने हा पोशाखच बंद करून टाकला. घातला तर सहा महिने तुरुंग, पुन्हा घातला तर सात वर्षं समुद्रापार. पस्तीस वर्षं बंदी होती. कापडाला सरकार इतकं भ्यायलं. तुम्ही जे विणता ना मोठेबाबा, त्यात ताकद असते. आपल्याला तर हे शिकवायची गरज नाही, आपल्या लोकांनी काय घालायचं आणि काय नाही हे किती पिढ्या दुसऱ्यांनी ठरवलं.

डोमा आणि धनराज लहानपणी पण शाळेत वहीच्या कव्हरवरून भांडायचे. होईल शांत.

मैनाकडून बातमी कळली, मोठीआईच्या फोनवरून बोलली. तिला दिवस गेलेत. मी मावशी होणार म्हणून गिरणीत सगळ्यांना केक खाऊ घातला. नाव लवकर कळवा, चौकटीचं.

तुमची हर्षा


मोहटोला
१४ मार्च २०२३

हर्षा,
जयभीम.

शांत नाई झाले.

धुळवडीले वरच्या टोलीनं पहाटे अंधारातच तलावात जाळं टाकलं. खालची टोली काठ्या घेऊन आली. मी पाळीवर होतो. मले आवाज येत नाई, त मी सारं मुक्यानंच पायलं. काठी पडे, तोंड उघडे, रगत निघे, अन् काईच आवाज नाई. एकाच्या तोंडावर वल्हं बसलं, जबडा असा लटकला का जसा दाराचा बिजागिरा तुटला. एकानं दुसऱ्याचा कान दातानं तोडला अन् थुकला. डोंगा जाळला. जळता डोंगा पान्यावर फिरून राह्यला होता अन् लोकं त्याच्या उजेडात मारून राह्यले होते. डोमाच्या गोऱ्ह्याचे मागचे दोन्ही पाय कुऱ्हाडीनं तोडले. मुकं जनावर, त्यानं काय केलं होतं?

पन मी तुले एक सांगतो ते धेनात ठेव. भांडनं आधी बी झाले. माह्या देखत झाले. आधी मानूस काठी उचले अन् समोर पाहे त मामाचा पोरगा, आतेभाऊ, संगं शिकलेला. हात आखडे. या बारीले कोनी तोंडच पायलं नाई. खांदा पायला. लाल दिसला का हिरव्यानं हानला, हिरवा दिसला का लालानं हानला.

मी आता विनत नाई. धनराजले सांगतलं, डोमाले बी सांगतलं. डोमानं मागाच्या खांबावर लाथ मारली. धनराजनं खिशातून सुरी काढून सुपारी कातरली. मले भेव वाटते हर्षा.

अमर दोघायच्या मधात फिरून समजावून राह्यला. मैना माहेरी आहे, तिले पाचवा लागन. त्या पोराले म्हटलं का तू कोनताच दुपट्टा नको घालू. म्हने मोठेबाबा, सासुरवाडीले जातो त ते टाकते, नाई म्हटलं त धनराजचा अपमान होते, मंग अजून पेटन.

तू मले खरं सांग. दुकानातल्या चिठ्ठीवरचं नको सांगू. त्या लढाईत ते लोक खरोखर कापड पाहूनच मारत होते का? कापड पाहून आपला मानूस वळखू येते का? मले वाटते येत नाई. पन माह्यं कोन आयकते. तुह्यं पत्र आलं त मी ते ग्रामपंचायतीत वाचाले लावीन.

मोठेबाबा


गॅलाशील्स
४ एप्रिल २०२३

मोठेबाबा,

तुमचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी सुट्टी टाकून एडिनबरोला संग्रहालयात गेले. जे कळलं ते जसंच्या तसं लिहिते, वाचून दाखवा.

ते खोटं आहे. दुकानातली चिठ्ठी खोटी आहे. घराण्याचं एकच कापड असं त्या काळी नव्हतंच. ज्या खोऱ्यात जो विणकर, त्याच्याकडे जो रंग, तेच तिथले सगळे नेसायचे. झाडाची साल मिळाली तर तपकिरी, दगडफूल मिळालं तर जांभळट. एकाच घरातले चार भाऊ चार तऱ्हेच्या चौकड्या घालून लढाईला गेले. आणि शेजारच्या खोऱ्यातला शत्रू तीच चौकड घालून समोर उभा होता. त्या बंडाची शेवटची लढाई कलोडनच्या मैदानावर झाली, तिथं दोन्ही बाजूंना डोंगरी लोक होते, एका घरातले बाप-लेक सुद्धा. कापडावरून कोण कुठला ते कोणालाच सांगता आलं नसतं. बंडवाल्यांनी टोपीला पांढऱ्या फितीचं फूल लावलं होतं, राजाच्या माणसांनी काळ्या. टोपी पडली की संपलं. मग आपला कोण, परका कोण, काही नाही. तासाभरात हजारावर माणूस तिथं पडला. जखमी पडलेल्यांना नंतर फिरून फिरून भोसकलं.

घराण्यांची कापडं त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी आली. बंदी उठली, राजा भेटीला येणार म्हणून सगळ्या सरदारांना आपली आपली चौकट पाहिजे झाली. गिरणीवाल्यांकडे नमुन्यांना नुसते आकडे होते. एका आकड्याला एका घराण्याचं नाव दिलं, दुसऱ्याला दुसऱ्याचं. दोन भावांनी तर जुनी पोथी सापडली म्हणून सगळे नमुने छापले, ती पोथी कोणी कधी पाहिली नाही. मोठेबाबा, ज्यानं माझ्या अंगावर काटा आला तो एक धंदा होता.

हे पंचायतीत वाचा. डोमाला समोर बसवून वाचा. धनराजला पण. आणि अमरला म्हणा, अपमान झाला तर होऊ दे, तो दुपट्टा काढून ठेव. त्याला माझ्याकडून शपथ घाला. मैनाला म्हणा, तिनं घालावी.

मोठीआईचा फोन लागत नाही. नेट बंद आहे का तिकडे? कोणी तरी काही तरी कळवा.

हर्षा


मोहटोला
२ मे २०२३

हर्षा बाई,

मी सीता, तुही मोठीआई. हे सांगून राह्यले अन् मी लिहून राह्यली. यायच्यानं आता लिहनं होत नाई. कायले ते पुढं सांगते. फोनवर सांगू नको म्हनून यायनंच मले शपथ घातली होती, परदेशात एकटी पोरगी म्हनून. माह्यं अक्षर असंच आहे, सातवी शिकली.

तुह्यं पत्र आलं तवा अमरची तेरवी झाली होती.

हे म्हनते नीट लिह, पहिल्यापासून लिह. नऊ एप्रिलले अमर मैनाले माहेरून आनाले गेला. निंगताना धनराजनं जवाई म्हनून खांद्यावर दुपट्टा टाकला, लाल. पोटुशी बायको घेऊन जाऊन राह्यला होता, नाई कसा म्हनन. दोघं पाळीवरून येत होते, तो पुढं, मैना मागं, हळूहळू. दिवे लागाची वेळ. पाळीवर आधीच मारामारी पेटली होती. अमरनं हातातली थैली खाली ठेवली अन् मधात धावला, सोडवाले.

डोमा त्याच्या मागून आला. त्याले पाठ दिसली अन् लाल दिसला. मैनाले डोमा दिसला, डोमाच्या हातची कुऱ्हाड दिसली. नवऱ्याच्या मोठ्या भावाले वरडली, भासरे! हे खालच्या बाजूले वडाजवळ होते. हे म्हनते, तिचं तोंड उघडं दिसलं, मले वाटलं का मलेच आयकू येत नाई. पन त्या कल्ल्यात कोनालेच आयकू गेलं नाई. डोमानं मानेवर मारली, दुपट्ट्याच्या वरून. एकदा मारली, मंग पुन्हा मारली. मुंडकं एका बाजूले झुकलं अन् पोरगा पान्यात गेला. डोमा पुढं चालला गेला. त्यानं मागं पायलं नाई. टोलीत जाऊन सांगतलं का एक लाल पाडला. गुळाच्या भेल्या वाटल्या खालच्या टोलीत.

मैना पाळीवर पडली होती, तिची वाचाच गेली होती. तिले आमी उचलून आनली. कोनाले काई सांगाची गत नोती तिची.

सकाळी डोमानंच जाळं टाकून मुर्दा वढला. त्याच्या मनात होतं का वढत वढत नेऊन धनराजच्या दारात टाकाचा. काठावर आनला, पायानं पालथ्याचा उलथा केला. तवा त्यानं तोंड पायलं.

तो तिथंच बसला असता त बरं झालं असतं. तो उठला अन् तीच कुऱ्हाड घेऊन आपल्या घरी आला. मले म्हने बाजूले हो. माग तोडाले लागला, ताणा तोडला, खांब तोडला, फणीचे तुकडे केले. वरडे, यानं विनलं, यानं विनलं. यायनं मागावर हात आडवा टाकला. म्हनून यायचे उजव्या हाताचे तीन बोटं गेले. मी ते पदरात घेऊन दवाखान्यात गेली, डॉक्टर म्हने आता जुळत नाई. पोलीस आले तवा डोमा आपल्याच अंगनात बसला होता. चंद्रपूरच्या जेलात आहे.

हे म्हनते, हर्षाले लिह का कापडानं नाई मारलं. डोमानं मारलं, कुऱ्हाडीनं. तू रडू नको म्हनते.

मी म्हनते रड. मी बी रडते.

सीता


गॅलाशील्स
२५ मे २०२३

मोठेबाबा, मोठीआई,

तिकीट काढलं होतं, पण इथला व्हिसा वाढवायचे कागद अडकलेत, तोवर देशाबाहेर पडता येत नाही. मी इथं रोज कामाला जाते आणि दिवसभर लाल सूत समोर येतं. काल गिरणीत सांगून टाकलं की आमची चौकट नोंदवायची नाही. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, माणूस मेला.

मोठेबाबांचा हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मैना कुठं आहे? कोणत्या टोलीत ठेवलं तिला? तिच्याशी बोलू द्या. ती नाही बोलली तरी चालेल, मी नुसता फोन कानाला लावून बसेन.

हर्षा


मोहटोला
९ जानेवारी २०२४

हर्षा,
जयभीम.

हे डाव्या हाताचं अक्षर आहे, हासू नको. सात महिने वळणं गिरवून राह्यलो, पहिलीतल्या पोरावानी.

मैना आपल्याच घरी आहे. दोन्ही टोल्यायचे लोक न्याले आले, तिनं दाराले आतून कडी लावली. श्रावणात पोरगी झाली. तुह्या मफलराची उसवलेली बाजू मोठीआईनं टाचली अन् पोरीले त्याच्यात गुंडाळते. दिवसा अंगावर, निजली का तेच पांघरून, तू लिहलं होतं तसंच.

डोमाचा जामीन होऊन राह्यला. वकिलानं सांगतलं फेब्रुवारी नाई त मार्च. धनराजनं साऱ्या गावात सांगून ठेवलं आहे का डोमा पाळीवर पाय टाकन तिथंच त्याची मान पाडीन, जिथी अमरची पडली. त्याची कुऱ्हाड लोहारानं दोनदा पाजवली. खालची टोली म्हनते, डोमाले हात लावला त धनराजचं घर पेटवू, लेकराबाळायसकट. पोलीस येते, च्या पिते, जाते. एकाचा जीव नाई जानार हर्षा, एका मागं एक जानार.

मी माग पुन्हा जुळवला. मैनानं म्हटलं, मले शिकवा. मी बाजूले बसून सांगतो, ते विनते. म्हने लाल पायजे, धनराजवाला. मले वाटलं इचारू नये, अमरचं वर्षश्राद्ध जवळ आलं, फोटोवर टाकाले पायजे असन. बिचारी चुकते, पुन्हा उसवते, पुन्हा लावते. रडत नाई. मले तिच्या न रडन्याचंच भेव वाटते.

मोठेबाबा


मोहटोला
२६ मार्च २०२४

हर्षा,
जयभीम.

डोमाले येऊन तीन आठवडे झाले. मी सारं पायलं ते लिहतो. आयकलं नाई, पन सीता बाजूले होती, कोन काय बोललं ते तिनं मंग सांगतलं.

काळीपिवळी जीप पाळीच्या टोकाले थांबली. डोमा उतरला. वाळून काडी झाला होता, हातात पिशवी. खालच्या टोलीचे दहा-बारा जन त्याले घ्याले आले होते, साऱ्यायजवळ काठ्या. सारे हिरवे. अन् मोहाच्या झाडामागं धनराज अन् त्याचे लोकं, लाल. मले वाटलं आज पाळीवरून रगत तलावात जाईन. मी सीताले म्हटलं पोरगी घेऊन घरी जा. ते नाई गेली.

मैना माह्या बाजूनंच निंगाली. पोरगी सीताच्या हातात दिली अन् सरळ डोमापाशी गेली. हिरवे बाजूले सरले. डोमानं मान खाली घातली, तिच्या पायाकडं पाहून राह्यला. तिनं पदराखालून दुपट्टा काढला, उलगडला, झटकला. मंग डोमाच्या खांद्यावर टाकला. दोन्ही खांद्यावर, नीट, जवायाले टाकते तसा. मी तवा वळखलं का ते इतके महिने कोनासाठी विनून राह्यली होती. तिसऱ्या पट्टीत तिचा एक धागा चुकला होता, तो बी दिसला मले.

धनराज मागून धावून आलाच होता. कुऱ्हाड वर होती. त्याच्या डोळ्यासमोर डोमाची पाठ अन् पाठीवर लाल. त्याचा हात वरच राह्यला.

मैना त्याले म्हने, "आपल्या घरचा दुपट्टा आहे दादा. बापाच्या नावानं मी टाकला. आता मार."

धनराजनं कुऱ्हाड जमिनीत हानली. एकदा, दोनदा, दहादा, पाळीची माती उडे. मंग बसला अन् लहान्या पोरावानी रडला. त्याचे लोकं मागं सरकले. हिरव्यायनं काठ्या खाली केल्या. आता कोन कोनाले मारन?

अन् डोमा, हर्षा. मले वाटलं तो वाचला म्हनून पाया पडन. तो गुडघ्यावर पडला, पन धनराजच्या पुढं. मान पुढं केली. म्हने मार रे, माह्यावर उपकार कर, मार. धनराज नाई म्हने, मानेनंच. मंग डोमानं दुपट्टा वढून काढाले दोन्ही हात वर नेले. मैनानं त्याचे हात धरले. ते हात, ज्यायनं कुऱ्हाड धरली होती.

"काढाचा नाई भासरे," ते म्हने. "जिवंत राहाचं. रोज या पाळीवरून याचं, जाचं, अन् हे खांद्यावर असलं पायजे. मी दारातून पाहात जाईन."

तो काढत नाई. गावातला कोनीच त्याले काढ म्हनत नाई. बाकीच्यायनं आपआपले लाल-हिरवे दुपट्टे पेटीत टाकले, चुलीत टाकले, एकानं त म्हशीच्या गळ्याले बांधला. आता मोहटोल्यात एकच मानूस तो घालून फिरते. लोक त्याचा खांदा पाहात नाई, तोंड पाहाते, अन् तो तोंड लपवते.

तू चौकटीचं नाव इचारलं होतं. देऊ नको. मैना आता पांढरं विनते, पोरीच्या झबल्यासाठी. हात बसून राह्यला तिचा.

काल डोमा दारावरून जात होता. दुपट्टा मळून काळा झाला आहे. मैनानं त्याले थांबवलं अन् सांगतलं, धुऊन घालत जा.

तुहा मोठेबाबा सोमाजी